मुंबई ते लंडन : किती तास?

आमच्या शेजारच्या आजींची दिवाळी इतरांच्या आधी तीन आठवडे सुरू होते. त्यांचा थोरला नातू लंडनला असतो. त्याचा फराळाचा डबा वेळेवर पोचावा म्हणून दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच त्यांच्या घरी चकलीची भाजणी दळून येते. जिन्यात तळणीचा वास दरवळू लागला की आम्ही समजतो, आपली दिवाळी अजून लांब आहे, पण लंडनची जवळ आली.

यंदा डबा कुरिअरवाल्याच्या हवाली केल्यावर आजींनी धाकट्या नातवाला विचारले, "केव्हा पोचायचा रे?"

"आठ-नऊ दिवस लागतील, आजी."

आजी हिरमुसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, विमान नऊ-दहा तासांत लंडनला जातं असं तुम्हीच सांगितलंत ना? मग माझ्या चकल्यांनाच नऊ दिवस का?"

वजन, तपासणी, जकात असे काहीबाही पुटपुटून मी त्या वेळी निभावून नेले. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारला, की त्याची रात्रीची झोप जाते. जेवणे झाल्यावर मी कपाटावरचा पृथ्वीचा जुना गोल खाली काढला. आकाशकंदिलासाठी आणलेल्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबले, दुसरे लंडनवर धरले, आणि दोरा ताणला.

वर्गातल्या भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून आपली अशी समजूत झालेली असते, की लंडनची वाट अरबस्तान, इजिप्त, मग भूमध्य समुद्र अशी जाते. ताणलेला दोरा तसे म्हणत नाही. तो मुंबईहून निघतो तो थेट कराचीच्या डोक्यावरून. तेथून बलुचिस्तान, इराणचा पूर्व भाग, कास्पियन समुद्राचा खालचा कोपरा, जॉर्जियातील तिबिलिसीचा परिसर, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी असे करीत तो लंडनला टेकतो. लांबी सुमारे 7,200 किलोमीटर. गोलावर यापेक्षा जवळची वाट नाही. वाचकहो, मुलांना सोबत घेऊन हा खेळ घरी करून पाहा, आणि दोरा ज्या ज्या देशांवरून गेला त्यांची नावे लिहून ठेवा. पुढे ती उपयोगी पडतील.

आता या दोन शहरांमधले अंतर आपल्या पूर्वजांनी कसे मोजले, ते पाहू. मैलांत त्यांनी ते क्वचितच मोजले. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांच्या काळी विलायत चार-सहा महिने लांब होती. सातारचे प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1839 ते 1853 अशी चौदा वर्षे तेथे कंपनीच्या दारी झगडत राहिले. हा वकील आणि त्याचा धनी यांच्यामध्ये किती पाणी होते, याचा विचार करा. 1847 च्या ऑक्टोबरात महाराज काशीस निवर्तले. ती वार्ता आठवडेच्या आठवडे लोटल्याखेरीज लंडनला पोचणे त्या काळी शक्यच नव्हते. शाळेत आपण रंगो बापूजींची निष्ठा शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण डाकेची वाट पाहण्यात त्यांच्या आयुष्याचे किती दिवस गेले असतील, त्याचा हिशेब कोणत्याच क्रमिक पुस्तकात नसतो.

वाफेने ही वाट पुष्कळ आखूड केली. 1830 च्या मार्चमध्ये मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. पुढे 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बॅलार्ड पियरवर उतरणारी विलायतची डाक दोन-अडीच आठवड्यांची झाली. तेवढ्यावर आमच्या आजोबांची पिढी बेहद्द खूष होती.

मग विमाने आली, आणि येथून गंमत सुरू झाली.

पहिल्या महायुद्धानंतर इराक व पॅलेस्टाइन हे मुलूख ब्रिटिशांच्या अमलाखाली आले. कैरो आणि बगदाद यांच्यामध्ये पसरलेल्या वाळवंटावरून डाक न्यायची असे त्यांच्या हवाई दलाने 1921 मध्ये ठरवले. अडचण एकच : खाली पाहावे तर खूण म्हणून काही नाही. नदी नाही, रेल्वेचा रूळ नाही, गाव नाही. वैमानिक चुकला तर संपलाच. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली, आणि ती वाचून आमच्या गावाकडचा कोणीही शेतकरी हसेल. त्यांनी वाळवंट नांगरले! जमिनीवर मैलोगणती नांगराची रेघ ओढली, वाटेत ठरावीक अंतरावर उतरण्याच्या जागा आखून त्यांना अक्षरे दिली, आणि वैमानिकांना सांगितले, ही रेघ सोडू नका. नांगराच्या अशा रेघेला मराठीत 'तास' म्हणतात. म्हणजे मुंबई-लंडनचा हवाई प्रवास पुढे तासांत मोजला गेला खरा, पण त्याचा आरंभही तासावरूनच झाला होता. (हा विनोद मी वर्गात केला तेव्हा कोणीही हसले नाही. मुलांनी नांगर पाहिलेला नव्हता.)

याच तासाचा आधार घेऊन इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन-कराची मार्ग आखला. 1927 च्या आरंभी ब्रिटनचे हवाईमंत्री सर सॅम्युअल होअर स्वतः विमानाने दिल्लीला येऊन पोचले आणि आता नेमाने वाहतूक सुरू होणार अशी हवा झाली. पण ती झाली नाही. बसरा आणि कराची यांच्यामध्ये इराणचा किनारा होता, आणि आमच्या किनाऱ्यावरून उडायचे नाही, असे इराण सरकारने बजावले. विमान तयार, वैमानिक तयार, पैसा तयार. वाट मात्र अडलेली. परवानगी मिळवण्यात दोन वर्षे गेली. तीही कायमची मिळाली नाही.

अखेर 1929 च्या 30 मार्चला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून पहिली नियमित डाक हिंदुस्थानकडे निघाली. तो प्रवास पाहण्यासारखा आहे. क्रॉयडनहून विमानाने पॅरिसवरून स्वित्झर्लंडमधील बाझेल. तेथे उतरून रात्रीची रेल्वे. ती आल्प्स ओलांडून इटलीतील जिनोआ बंदरात. तेथून समुद्रावर उतरणारे विमान. ते रोम, नेपल्स, कॉर्फू, अथेन्स असे बंदराबंदरांतून ठेचाळत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाला. तेथे पुन्हा जमिनीवरचे विमान. ते गाझावरून, वाळवंटातील रुतबा येथल्या किल्ल्यात विश्रांती घेऊन, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर असे करीत कराचीला. तीन तऱ्हेची विमाने, मध्ये आगगाडी, आणि सात दिवस. भाडे 130 पौंड. मध्यमवर्गीय माणसाने नुसते ऐकावे आणि हात जोडावे असा हा आकडा होता. शिवाय जिवाची हमी नव्हतीच. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला 'सिटी ऑफ रोम' हे विमान वादळात इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर उतरले आणि आतल्या सातही जणांसह बुडाले.

आणि सात दिवस झाले तरी डाक कराचीलाच आली होती. मुंबईचे पत्र तेथून पुढे आगगाडीत बसत असे.

1930 सालासाठी आगाखानांनी एक बक्षीस लावले : इंग्लंड-हिंदुस्थान हे अंतर एकट्याने विमान चालवून जो हिंदी माणूस ठराविक मुदतीत सर्वांत आधी तोडील, त्याला 500 पौंड. तीन तरुण पुढे आले. मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाला 'मिस इंडिया' असे नाव दिले होते. ॲस्पी इंजिनियर हा पारशी मुलगा अवघा सतरा वर्षांचा, तो इंग्लंडहून इकडे येत होता. जे. आर. डी. टाटा कराचीहून तिकडे निघाले. इजिप्तमध्ये अबूकीरच्या धावपट्टीवर टाटा उतरले तेव्हा हा पोरगा तेथे खोळंबून बसलेला. त्याच्या इंजिनाचे स्पार्क-प्लग निकामी झाले होते आणि जादा नव्हते. टाटांकडे जादा होते. ते त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. ॲस्पी थोड्या फरकाने आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. मनमोहन सिंगही पोचले, पण मुदत उलटून गेल्यावर. ॲस्पी इंजिनियर पुढे 1960 ते 1964 या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. मी ही हकीकत दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी एखादा मुलगा विचारतो, "मग टाटा हरले ना, सर?" हरले, होय.

इराणने दिलेली परवानगी 1932 मध्ये संपली. ती वाढवून मिळेना. किनाऱ्याऐवजी आपल्या देशाच्या अंतर्भागातून जा, असा त्यांचा आग्रह. कंपनीला ते परवडणारे नव्हते. तेव्हा अख्खा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या, अरबांच्या किनाऱ्यावर नेण्यात आला. तेथे मुक्कामाला जागा हवी. शारजाच्या शेखांशी करार झाला. मोती काढणाऱ्यांच्या त्या वस्तीबाहेर वाळूत धावपट्टी आखली गेली आणि उतारूंना रात्र काढण्यासाठी किल्ल्यासारखी भक्कम इमारत बांधण्यात आली. इराणने नकार दिला म्हणून शारजाला विमानतळ मिळाला! ती इमारत अजून उभी आहे. तिथे विमानांचे संग्रहालय आहे, आणि जुनी धावपट्टी शहराचा हमरस्ता झाली आहे.

विमाने अरबांच्या किनाऱ्यावरून जाऊ लागली तो ऑक्टोबर महिना आपल्याही लक्षात राहण्याजोगा आहे. 1932 च्या 15 ऑक्टोबरला टाटांनी कराचीत लंडनची डाक उचलली, आणि 'पस मॉथ' जातीचे एका इंजिनाचे चिमुकले विमान स्वतः चालवीत ते अहमदाबादमार्गे मुंबईला आले. अहमदाबादला पेट्रोल कसे आले? बैलगाडीतून, डब्यांत भरून. मुंबईत उतरायला जागा कोणती? जुहूच्या समुद्राकाठचा चिखल, वाळून कडक झालेला. पावसाळ्यात ती जागा पाण्याखाली जाई, मग विमाने पुण्याला न्यावी लागत. डाक सगळी मिळून 25 किलो. आजींच्या डब्यासारखे चार डबे बांधले तर एवढे वजन सहज भरेल. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिंटसेंट या टाटांच्या भागीदाराने तीच डाक बल्लारीला रात्रीचा मुक्काम करून मद्रासला पोचवली.

ही मुंबई-कराची वाट नीट ध्यानात ठेवा. आपला दोरा गोलावर नेमका याच वाटेने निघाला होता.

स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच घटकेला कराची परदेश झाली. 1948 च्या 8 जूनला, मंगळवारी, 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझहून लंडनला निघाले. वाटेत थांबे दोनच : कैरो आणि जिनिव्हा. उतारू 35, त्यांत संस्थानिकही होते आणि खुद्द टाटा पतिपत्नीही. एकेरी भाडे 1,720 रुपये. प्रवास साधारण एका अहोरात्राचा. ज्या मुंबईकराने 1929 मध्ये पत्राला सात दिवस आणि वर आगगाडी असे पाहिले होते, त्याला हा चमत्कार वाटला असल्यास नवल नाही.

पण कैरो का? दोऱ्याची वाट तर कितीतरी उत्तरेला आहे. कारण दोऱ्याचा मधला भाग तेव्हा सोव्हिएत रशियाच्या मुलखावर होता. तिबिलिसी, क्रिमिया, युक्रेन, सारेच त्यांचे. आणि पोलादी पडद्यावरून उडण्याची सोय नव्हती. शिवाय त्या विमानांना मध्ये पेट्रोल लागेच. तेव्हा भारतीय विमान शतकानुशतकांच्या जहाजी वाटेनेच निघाले : अरबी समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र. भिंतीवरचा नकाशा खोटा होता, पण राजकारणाने त्याला खरे केले.

जेट आले ते 1960 साली. एअर इंडियाचे पहिले बोइंग 707 त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मिळाले, आणि लंडनचे तास जवळजवळ निम्म्यावर आले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. त्या पहिल्या जेटचा वेग ताशी सुमारे 900 किलोमीटर होता. आजच्या जेटचाही तेवढाच आहे! साठाहून अधिक वर्षांत उतारूंच्या विमानाचा वेग वाढलेला नाही. मध्यंतरी ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाचे कॉन्कॉर्ड 1976 मध्ये लंडनहून बहारीनपर्यंत येऊ लागले होते, पण मुंबईची नियमित वाट त्याने कधी धरली नाही, आणि 2003 मध्ये तेही थांबले. जे वाचले ते थांब्यांचे तास. पेट्रोलसाठी उतरावे लागत नाही म्हणून विमान आज एका दमात नऊ-दहा तासांत लंडन गाठते. परतीला तास-दीड तास कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि ते पाठीशी असतात. जाताना आपली घड्याळे मागे करायची असतात, म्हणून दुपारी निघालेला माणूस त्याच दिवशी संध्याकाळी लंडनला उतरतो आणि आपण चार-पाच तासांतच आलो अशी फुशारकी मारतो. आजींचा नातू पहिल्या खेपेला अशीच मारीत होता.

1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, आणि दोऱ्याची वाट बरीचशी मोकळी झाली. आता तुम्ही लिहून ठेवलेली देशांची नावे काढा. 2014 मध्ये क्रिमियाचा तंटा उभा राहिला. 2022 च्या 24 फेब्रुवारीला युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने 2019 मध्ये काही महिने आपले आकाश मिटले, आणि 2025 च्या एप्रिलात भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद केले. त्याच वर्षी जूनमध्ये इराणवर बाँब पडू लागले आणि तेथलीही वाट काही दिवस अडली. दिल्लीच्या विमानांना याचा जाच फार झाला. मुंबईला समुद्र जवळ असल्याने तिची विमाने अरबी समुद्रावरून वळून निघू शकली. म्हणजे पुन्हा शारजाचीच दिशा! 1932 मध्ये इराणच्या एका नकाराने जे घडले, ते पाहायला आजोबा हवे होते. त्यांना काही नवे वाटले नसते.

एक हकीकत मी आजींना सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. येथे लिहितो, कारण तिच्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

'मलबार प्रिन्सेस' त्या पहिल्या प्रवासानंतर जेमतेम अडीच वर्षे जगले. 1950 च्या 3 नोव्हेंबरला मुंबईहून जिनिव्हामार्गे लंडनला जाताना ते फ्रान्समधील माँ ब्लाँ या सुमारे 4,800 मीटर उंचीच्या पर्वतावर ढगांत आदळले. आतले 48 जण गेले. त्यांत 40 उतारू होते, बहुतेक सारे भारतीय खलाशी, इंग्लंडात जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले. ज्यांच्या बापजाद्यांनी मुंबईहून लंडन बोटीने गाठले, ते बोटीवर चढण्यासाठी विमानाने निघाले आणि बर्फात राहिले. त्यांच्या शोधाला वर चढलेला रने पायो हा तेथला वाटाड्याही बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला.

पुढे 1966 च्या 24 जानेवारीला एअर इंडियाचे 'कांचनगंगा' हे बोइंग त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच जागी आदळले. 117 माणसे गेली, डॉ. होमी भाभा त्यांत होते. जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आपण पर्वत ओलांडला आहे की नाही, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला होता. त्या विमानात डाकही होती.

माँ ब्लाँच्या कुशीत बोसों नावाची हिमनदी आहे. बर्फ तिथे सावकाश, पण अखंड खाली सरकत असतो, आणि वर गिळलेले ते कित्येक वर्षांनी खाली आणून टाकतो. 2012 च्या ऑगस्टात त्या हिमनदीवर तागाची एक पिशवी सापडली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ती टपालाची थैली होती, आणि तिच्यावरची अक्षरे अजून वाचता येत होती. आत 1966 च्या जानेवारीतील वर्तमानपत्रे होती, भिजलेली. त्यानंतर 2020 मध्ये आणखी काही वर्तमानपत्रे वर आली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, ही त्यांतली ठळक बातमी. भारताची ही ताजी खबर घेऊन निघालेला अंक चोपन्न वर्षांनी, तेथे उपाहारगृह चालवणाऱ्या एका माणसाच्या हाती पडला. त्याने ती पाने वाळत घातली.

आजींच्या डब्याचे म्हणाल, तर तो नवव्या दिवशी पोचला. नातवाने फोटो पाठवला. करंज्यांचा निम्म्याहून अधिक चुरा झाला होता, अनारसे एकमेकांना चिकटले होते, चकल्या तेवढ्या शाबूत होत्या. आजींनी तो फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या वर्षी करंज्यांना वेगळा डबा."